डिंकाचा तुटवडा

'फॉलआउट ४' या २०१५ सालच्या व्हिडिओ गेमवर पुष्कळांचा आक्षेप असा कीं, त्यांत पराक्रम थोडा आणि भंगार वेंचणेंच फार. आम्हांस हा आक्षेप मुळींच मान्य नाहीं. २०७७ सालच्या अणुयुद्धानें बॉस्टन उद्ध्वस्त झालें. कथा घडते २२८७ सालीं. तेथें बंदुकीला नवा दस्ता किंवा दुर्बीण बसवावयाची तर बहुधा डिंक हवाच, आणि तो मिळावयाचा चिकटपट्टीच्या एखाद्या गुंडाळींत! टेबलावरच्या पंख्यांतून स्क्रू निघतात हें एकदां कळलें कीं, ओसाड कचेरीकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. शिवाय पाठीवर किती वाहावें यालाही मर्यादा; तेव्हां काय उचलावें आणि काय टाकावें, हा विवेक पदोपदीं करावा लागतो. याला हमाली म्हणणारांनीं कारागिरी कशास म्हणतात तें सांगावें.

खरा दोष निराळाच आहे. मक्याचीं ३ कणसें, ३ मटफ्रूट, ३ टॅटो (हा बटाटा-टोमॅटोचा संकर) आणि शुद्ध पाणी एकत्र शिजवून खळ केली कीं, ५ भाग डिंक हातीं येतो! शेत लावलें कीं तुटवडा संपला, आणि त्याबरोबर ओसाड घरें धुंडाळण्याचें कारणही. टीकाकारांनीं खेळ रचणारांस जाब विचारावयाचा तर या औदार्याबद्दल विचारावा.