बेनझीर



सना बारावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि घरात अबोला सुरू झाला. तिला पुण्याला वसतिगृहात राहून शिकायचं होतं. सासरे, म्हणजे आमचे अब्बा, "मुलीला एवढ्या लांब ठेवायचं नाही," यावर ठाम होते. त्याच दिवसांत, पावसाच्या आधी, आम्ही सगळे हातकणंगल्याहून राधानगरीला गेलो.

दाजीपूरचं जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलं गेलं. आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशात आहे. वनखात्याच्या परवानगीने जीपमधून आत गेलो. झाडी इतकी दाट की भर दुपारी ऊन जमिनीवर उतरत नव्हतं. एक गवा वाटेत उभा राहिला. आमच्याकडे बघून शांतपणे झाडीत शिरला. पोरांनी करवंदांनी हात-तोंड काळं करून घेतलं.

परतताना धरणाच्या काठावर थांबलो. तलावात शाहू महाराजांच्या जुन्या बंगल्याचे अवशेष आहेत. नाव बेनझीर व्हिला. "बेनझीर म्हणजे ज्याला तोड नाही," अब्बांनी पोरांना सांगितलं. भोगावतीवरचं हे धरण महाराजांनी सुरू केलं, पण १९२२ मध्ये ते गेले तेव्हा काम अर्धंच होतं. पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. हेच पाणी पुढे पंचगंगेतून आपल्या तालुक्याच्या शिवारात येतं.

सनाने विचारलं, "दादा, गावाचं नाव राधानगरी कशावरून?"

"महाराजांच्या लेकीवरून. राधाबाई," अब्बा म्हणाले आणि गप्प झाले.

बऱ्याच वेळाने बोलले, "याच महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमान पोरांसाठी बोर्डिंग काढलं. मी तिथंच राहून शिकलो. मला सोडताना माझी अम्मी दोन दिवस जेवली नव्हती."

कुणीच काही बोललं नाही. गाडीत बसताना त्यांनी सनाला विचारलं, "तुझ्या फॉर्मची मुदत कधी संपतेय?"

भगिनींनो, जमलं तर पावसाआधी जाऊन या. पाण्याच्या बाटल्या घरूनच न्या, रिकाम्या परत आणा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घ्यायला विसरू नका.

आमची सना जुलैत पुण्याला गेली. त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत.