दांडा अडकला म्हणून बॉम्ब होत नाही



गेल्या अंकातील पत्रलेखकाच्या मते अणुभट्टी म्हणजे दावणीला बांधलेला अणुबॉम्ब. नियंत्रक दांडा अडकला की संपलेच! काळजी समजण्यासारखी, मांडणी मात्र चुकीची आहे.

युरेनियम-२३५ चे केंद्रक फुटले की ९९ टक्क्यांहून अधिक न्यूट्रॉन तत्क्षणी सुटतात. उरलेले सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन विखंडनातून निघालेल्या तुकड्यांमधून उशिरा बाहेर पडतात. काहींना तर मिनिटभर वेळ लागतो. या उशिरा येणाऱ्यांशिवाय विखंडनाची साखळी टिकणारच नाही, अशा बेताने भट्टी चालवतात. त्यामुळे शक्ती सावकाश वाढते आणि दांडे हलवायला वेळ मिळतो. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोतल्या भट्टीत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या देखरेखीखाली कॅडमियमचा शेवटचा दांडा चक्क हाताने थोडाथोडा बाहेर ओढला गेला, तो याच सवडीच्या भरवशावर.

तारापूरच्या १९६९ सालच्या दोन भट्ट्यांत पाणी जास्त उकळले की न्यूट्रॉन पुरेसे मंदावत नाहीत आणि शक्ती आपोआप घटते. चेर्नोबिलला नेमके उलट होते: वाफ वाढली की शक्तीही वाढे. त्यात दांड्यांखाली जोडलेल्या ग्राफाइटने १९८६ च्या अपघाताच्या रात्री आगीत तेल ओतले.

पत्रलेखकाने खरे तर फुकुशिमाबद्दल विचारायला हवे होते. तिथे २०११ च्या भूकंपात दांडे वेळेवर आत गेले, साखळी थांबली. पण विखंडनाच्या अवशेषांची उष्णता थांबत नाही. त्सुनामीने वीज गेली, पाणी फिरेना, आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले.

– एक वाचक