माशाच्या डोळ्यांनी रंग पाहा

मराठीत गळ, कन्नडात गाळ, शब्द जवळचेच. पण आमचे जावईबापू राहतात त्या अमेरिकेतल्या मिनेसोटात गळाला गांडुळाऐवजी खोटा मासाही लावतात. त्याला क्रँकबेट म्हणतात. तो वॉलआयसाठी. हा १९६५ पासून तिथला राज्यमासा, चवीलाही उत्तम. मे महिन्यात हंगाम उघडतो. सुट्टी मोजकी, दुकानात रंग मात्र शेकडो. जावईबापूंकडून मी ही निवड शिकलो, ती सांगतो.

आधी पाणी बघायचे. नितळ असेल तर रुपेरी किंवा खऱ्या लहान माशासारखा रंग. गढूळ असेल तर भडक नारिंगी, पोपटी. वॉलआयला नारिंगी आणि हिरवे रंग विशेष जाणवतात. शिवाय त्याच्या डोळ्यात मांजरासारखा चमकता पडदा असतो. म्हणून सांजसकाळच्या अंधुक उजेडात तो शिकार साधतो.

मग आकार. थंड पाण्यात मासा सुस्त, तेव्हा सडपातळ आणि हळू डुलणारे आमिष बरे. पाणी तापले की गुबगुबीत, जोरात वळवळणारे. तोंडापुढची पट्टी जितकी लांब, तितके ते खोल जाते.

फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाचा असा मासा कोरला, तो जखमी माशासारखा लडखडावा म्हणून. आजचे कित्येक रंग मात्र गिऱ्हाइकालाच गळाला लावण्यासाठी असतात. तेव्हा रुपेरी, नारिंगी, पोपटी असे दोन-तीन रंग घ्या आणि उरलेला वेळ पाण्यावर घालवा.