मागचा टायर घासतोय? मडगार्डला हात लावू नका

मिरा रोडच्या नया नगरमधून एका भगिनीचे पत्र आले आहे. अब्बांची १९७४ सालची फियाट घरात आहे. धाकट्या भावाला गाडीची भारी हौस. त्याने तिला रुंद टायर आणि अलॉय चाके बसवली, मागचे पाटे सपाट करून गाडी खाली घेतली, 'स्पोर्ट्स' केली. आता मागे तीन माणसे बसली की प्रत्येक स्पीडब्रेकरवर घर्र असा आवाज येतो आणि रबर जळल्याचा वास सुटतो. गॅरेजवाला म्हणतो, मडगार्डची कड कापून टाकू, तासाभराचे काम आहे. ईदला अम्मी-दादींना घेऊन म्हसळ्याला जायचे आहे. कापावी का?

कापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. टायर का घासतो हेच अजून कोणी पाहिलेले नाही. कड कापल्यावर आवाज थांबेल, पण दोष जागच्या जागी राहील आणि पुढे तो आवाजही न करता वाढेल.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या या गाडीची मागची रचना साधी आहे. दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग अ‍ॅक्सल आणि त्याखाली दोन बाजूंना पाटे. हे पाटे धक्के तर झेलतातच, शिवाय अ‍ॅक्सल आपल्या जागी धरून ठेवण्याचे कामही तेच करतात. म्हणून टायर घासला की तीनच शक्यता उरतात: अ‍ॅक्सल गरजेपेक्षा जास्त वर येतो आहे, तो आडवा किंवा मागे-पुढे सरकला आहे, किंवा टायरच बाहेर आला आहे. नया नगरच्या गाडीत पहिली आणि तिसरी गोष्ट एकदम झालेली दिसते.

शोधायला महागडे यंत्र लागत नाही. मडगार्डच्या कडेला आतून खडू फासा, माणसे बसवून एक फेरी मारा आणि खडू कुठे पुसला ते पाहा. बाहेरच्या कडेवर पुसला असेल तर आधी टायरच्या रुंदीकडे बोट दाखवावे. या गाडीचा मूळ टायर ५.२० इंची, म्हणजे सुमारे १३२ मिलिमीटर रुंद. त्या जागी १६५ चा बसवला की प्रत्येक बाजूला सोळा-सतरा मिलिमीटर वाढतात. अलॉय चाकाची बैठक मूळ डिस्कपेक्षा बाहेर असेल तर वाढ आणखी. कडेवरून ओळंबा सोडला की टायर किती बाहेर आहे ते डोळ्यांनी दिसते. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे जुन्या डिस्क आणि जुन्या मापाचे टायर चढवून तीच फेरी पुन्हा मारणे. भावाने त्या भंगारात दिल्या नसतील, अशी आशा आहे.

मग पाटे. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, दोन्ही वेळा. दोन्हीकडे सारखेच कमी असेल तर पाटे बसले आहेत. एकाच बाजूला कमी असेल तर त्या बाजूचे एखादे पान तुटले आहे का ते बघावे. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर पन्नास-साठ किलोंचा एक प्रवासी तिथे कायमचा बसला आहे, हे हिशोबात धरा. स्पीडब्रेकरच्या पहिल्या धक्क्याला न घासता नंतरच्या हिंदकळण्यात घासत असेल तर दोष शॉकअपचा. फक्त वळणावर घासत असेल तर पाट्यांचे बुश आणि शॅकल तपासायला सांगा. झिजलेल्या बुशांमुळे अ‍ॅक्सल आडवा सरकतो.

एक मोजमाप मात्र न चुकता घ्यावे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना सारखे हवे. एका बाजूला बोटभर फरक निघाला तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये.

गाडी खाली घेण्याची हौस आम्ही समजू शकतो. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एकेकाळी अशाच फियाट शर्यतीत धावत. पण शर्यतीच्या गाडीत मागे दादी नसतात, अन् सामानाच्या पिशव्याही नसतात. एकट्या चालकासाठी ठीक असलेली उंची पाच माणसांना पुरत नाही. यावर बरेच जण उलटा उपाय करतात, एक जादा पान घालून घेतात. गाडी वर येते खरी, पण बैलगाडीसारखी आपटते. जुन्याच पानांना ठोकून कमान दिली तर ती थोड्या महिन्यांत पुन्हा उतरते. दोन्ही बाजूंचे पाटे जोडीनेच बदलावेत, सोबत बुशही. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांनी रस्त्यावरून उतरली. त्या होत्या तोवर हे सुटे भाग सहज मिळत, आता जुन्या ओळखीच्या कारागिरांना विचारावे लागेल.

ज्यांच्याकडे हेराल्ड आहे त्यांनी यातले पाट्यांचे काही लावून घेऊ नये. तिच्या मागे एकच पाटा, तोही आडवा. तो बसला की चाके आत कलतात. हेराल्डच्याच आखूड केलेल्या चासीवर इंग्लंडमध्ये १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली, तिचेही दुखणे हेच.

आता आम्हाला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगतो. भाईंदरला खाडी आहे, मिठागरे आहेत, हवा खारी आहे आणि पावसात सखल भागात पाणी साचते. फियाटला वेगळी चासी नाही. पाट्यांची टोके गाडीच्या अंगाच्या पत्र्यालाच धरलेली असतात. तिथे गंज चढला की पाटा नवा असूनही मागचा भाग खाली बसतो आणि टायर घासू लागतो. डिकीतला गालिचा काढा, शॅकल जिथे येतो तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेले तर पाटे, टायर, रंग सगळे बाजूला ठेवा आणि आधी चांगल्या वेल्डरला गाठा. वरून पुट्टी भरून देणाऱ्याला हात जोडावेत.

कड कापण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. अब्बांची गाडी वयाने बसते. कापलेल्या मडगार्डावर उद्या कोणी बोट ठेवले तर भाऊ काय उत्तर देणार? मात्र घाईने अर्जही करू नका. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. म्हसळ्याची ईद त्यात बसणार नाही.

आता ईदचे. घासून टायरची बाजू कापली गेली असेल तर बाहेरून तो धडधाकट दिसतो आणि भरल्या गाडीने, उन्हात, घाटात दगा देतो. दोन्ही मागचे टायर उतरवून आतल्या बाजूने हात फिरवा, तार किंवा कापड लागले तर टायर बाद. अ‍ॅक्सलकडे जाणारी ब्रेकची रबरी नळीही त्याच वेळी पाहून घ्या, गाडी खाली घेतल्यावर ती कुठे तरी टेकत असते. जुन्या डिस्कवर, चार माणसांनी, काशिमिऱ्याहून घोडबंदरच्या गायमुखापर्यंत जाऊन-येऊन खडू पुसला नाही तर म्हसळ्याला निघा. पुसला तर यंदा एसटीची तिकिटे आधी काढून ठेवा, सणाला गर्दी असते.