कॅन्टीनची सवलत फौजीची, मालाची नव्हे

सातारा, कोल्हापूर, सांगली किंवा कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या पेठेत किराणा व जनरल स्टोअरवाल्यांशी बोलायला बसले की एक तक्रार हमखास कानी येते. पेन्शनवर आलेला फौजी साबण, टूथपेस्ट, बिस्किटे, मिक्सर, पंखा सारे कॅन्टीनमधून आणतो आणि आपल्याकडे येतो तो मीठ-मिरचीपुरता. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिच्या आडून एक वाईट रीत काही ठिकाणी रुजली आहे. कॅन्टीनचा माल मागच्या दाराने विकत घ्यायचा आणि पुढच्या दाराने विकायचा. या रीतीबद्दल स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

आधी ही व्यवस्था काय आहे ते समजून घेऊ. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, हे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील खाते १९४८ साली सुरू झाले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. हे खाते कंपन्यांकडून घाऊक माल घेते, तो आपल्या डेपोंमार्फत युनिटच्या कॅन्टीनना देते आणि तेथून तो सेवेतील जवान, पेन्शनधारक माजी सैनिक व त्यांच्या विधवा यांना मिळतो. ज्याच्या नावाचे स्मार्ट कार्ड, त्यालाच माल. आणि तोही महिन्याला ठरवून दिलेल्या मर्यादेतच.

माल स्वस्त का मिळतो? खरेदी मोठी आणि नफा थोडा, हे एक कारण. दुसरे कारण कराचे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सीएसडीला खरेदीवर भरलेल्या करापैकी निम्मा परत मिळेल, अशी तरतूद झाली. आणि सीएसडीने कॅन्टीनला व कॅन्टीनने पात्र ग्राहकाला केलेली विक्री करमुक्त ठेवली गेली. म्हणजे त्या सवलतीचा एक भाग सरकारी तिजोरीतून येतो. सरकारने तो एका विशिष्ट माणसाला त्याच्या नोकरीची जाण ठेवून दिला आहे. साबणाच्या वडीला तो दिलेला नाही. वडी दुसऱ्याच्या गल्ल्यावर गेली की सवलतीचा आधारच संपतो.

ही पात्रतेची रेघ केवळ आपल्याच देशात ओढलेली नाही. अमेरिकेत लष्करी तळांवर किराणा भांडारे, दुकाने आणि कुटुंबासह तंबू किंवा गाडी लावून राहण्याची सहलतळेही आहेत. तीही फौजेतून आलेल्या प्रत्येकाला खुली नसतात. सेवेमुळे अपंगत्व आल्याची नोंद असलेले माजी सैनिक, ‘पर्पल हार्ट’ पदकाचे मानकरी आणि युद्धकैदी राहिलेले यांना १ जानेवारी २०२० पासून सरसकट त्यांत सामावून घेतले गेले. त्यासाठी २०१८ साली कायदा करावा लागला. तेथील खासगी व्यापारी मात्र हातावर हात ठेवून बसले नाहीत. घरसामानाची विक्री करणारी ‘लोज’ ही दुकानांची मोठी साखळी ओळख तपासून माजी सैनिकांना बहुतेक मालावर १० टक्के सूट देते. ही सूट दुकानदाराची स्वतःची असते आणि ती उघडपणे दिली जाते. आपल्यासाठी धडा येथे आहे.

आता मागच्या दाराच्या व्यवहाराचा हिशेब करू. कॅन्टीनचा माल पुन्हा विकणे नियमाविरुद्ध आहे आणि प्रकरण उघडकीस आले तर कार्ड बंद होते. बहुधा हे कार्ड एखाद्या म्हाताऱ्या सुभेदाराचे नाहीतर एखाद्या विधवेचे असते. मधला माणूस चार पैसे हातावर टेकवून ते वापरत असतो. कार्ड बंद झाले तर मधला माणूस दुसरे कार्ड शोधतो, विधवेची सवलत मात्र जाते. दुकानदाराचेही बरे होत नाही. अशा मालाचे कराचे बिल नसते, म्हणून त्यावर इनपुट क्रेडिट नाही. वहीत नोंद नसलेला माल तपासणीत सापडला तर दंड व जप्ती दोन्हींची तरतूद कायद्यात आहे. काही मालावर तो सैन्यदलासाठी असल्याचा छापही असतो. चार रुपयांच्या फायद्यासाठी बापजाद्यांनी कमावलेली पत पणाला लावणे हा व्यापार नव्हे.

शिवाय तो फायदाही आता आटला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, शाम्पू, अंगाचा साबण, केसांचे तेल आणि बिस्किटे यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नुसत्या कराचा हिशेब मांडून पाहा. मूळ १०० रुपयांच्या वस्तूवर पूर्वी बाजारात १८ रुपये कर पडे आणि कॅन्टीनला ९; फरक ९ रुपयांचा. आज बाजारात ५ आणि कॅन्टीनला अडीच. फरक अडीच रुपयांचा उरला. घाऊक खरेदीचा लाभ कॅन्टीनकडे अजून आहेच. परंतु गावापासून छावणीपर्यंतचे एसटीचे भाडे आणि रांगेतला अर्धा दिवस धरला, तर किरकोळ खरेदीसाठी फौजी तिकडे का जाईल? तो जातो, कारण आपण त्याला बोलावलेलेच नाही.

म्हणून व्यापारी बांधवांना आमचे सांगणे असे. दुकानात पाटी लावा की माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवांना अमुक टक्के सूट. दोन टक्केच परवडत असतील तर दोनच लिहा, पण आधी भाव चढवून मग सूट दाखवू नका. माजी सैनिकाचे ओळखपत्र एकदा पाहा आणि सूट बिलावर लिहून द्या. विक्रीच्या वेळी बिलात दाखवलेली सूट वजा करूनच जीएसटी आकारला जातो, म्हणून तुमचेही नुकसान नाही.

कारागीर बांधवांना तर याहून मोठी संधी आहे. कॅन्टीन तयार माल देते. ब्लेझर अंगाबरोबर शिवून देत नाही, पदकांची पट्टी नीट बसवून देत नाही, जुन्या लोखंडी ट्रंकेची कडी बदलून देत नाही, फोटोला चौकट करून देत नाही आणि बंद पडलेला मिक्सर तर मुळीच दुरुस्त करत नाही. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिक विश्रामगृहे आहेत. पेन्शनच्या, दवाखान्याच्या, कागदपत्रांच्या कामासाठी आलेले फौजी आणि त्यांची कुटुंबे तेथे अल्प दरात मुक्कामाला असतात. ज्यांची दुकाने वा कारखाने अशा विश्रामगृहाच्या किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या जवळ आहेत, त्यांनी तेथील अधिकाऱ्यांना भेटून आपले काम आणि आपले दर कळवावेत. आमचे काही बांधव छावणीच्या गावांत पिढ्यान् पिढ्या शिवणकाम आणि चामड्याचे काम करीत आले आहेत; त्यांना फौजी गिऱ्हाइकाची शिस्त ठाऊक आहे. ठरल्या दिवशी काम द्या, सांगितला तेवढाच पैसा घ्या, ते गिऱ्हाईक आयुष्यभर तुटत नाही आणि आणखी चार जणांना घेऊन येते.

आणि उद्या कोणी पिशवीभर कॅन्टीनचा माल घेऊन गल्ल्यापाशी उभा राहिला, तर त्याला सरळ परत पाठवा. ते कार्ड कोणाचे आहे एवढे मात्र विचारा. एखाद्या विधवेचे निघाले, तर तिच्या घरी निरोप पोहोचवा की कार्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नये.