घोडा का अडला?

भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? हे कोडे लहानपणी आपणां सर्वांना कोणी ना कोणी घातलेले असते, आणि तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर देता आले म्हणजे बिरबलाची अक्कल निदान त्या दिवसापुरती तरी आपल्या डोक्यात उतरली असे वाटते. उत्तर सोपे आहे : न फिरवल्यामुळे. भाकरी तव्यावर फिरवली नाही, पाने टोपलीत फिरवली नाहीत, घोडा मोकळ्यावर फिरवला नाही. पैकी भाकरी आणि पान या विषयांचे जाणकार घरोघरी आहेत. तेव्हा या दिवाळीला आपल्या सदराने उरलेल्या घोड्याची विचारपूस करावी, असे योजले आहे.

मराठीच्या मास्तराने शर्यतीच्या घोड्यांवर लिहावे, आणि तेही अलिबागेत बसून, म्हणजे ‘अलिबागहून आलात का?’ हा प्रश्न ठरलेलाच! हा प्रश्न विचारण्यावर बंदी घालावी म्हणून २०१९ साली एक गृहस्थ मुंबईच्या उच्च न्यायालयातही जाऊन आले. न्यायालयाने ते काही मनावर घेतले नाही. म्हणून आम्हीही मनावर घेत नाही. शिवाय विषयाला मुहूर्तही चांगला आहे. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या सुमारास आटोपत येतात. मुंबईचा महालक्ष्मीचा हंगाम त्यानंतर नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. आपण फराळाच्या डब्यांची झाकणे उघडत असतो, त्या दिवसांत पुण्याच्या तबेल्यांतून घाट उतरण्याची तयारी चाललेली असते. ‘रेस’ हा शब्द ऐकताच मध्यमवर्गीय घरात वडीलमाणसे घसा खाकरतात, हे मला ठाऊक आहे. पैसे लावणाऱ्यांचे काय होते ते सांगायला ती समर्थ आहेत. आपण फक्त घोड्याचे काय होते तेवढे पाहू.

गंमत अशी की बिरबलाचे उत्तर हे नुसते चातुर्य नाही. ते शब्दशः खरे आहे. विलायतेत मालगाड्या ओढणाऱ्या घोड्यांना एक दुखणे होई, त्याला तिकडे ‘सोमवार सकाळचा रोग’ असेच नाव पडले होते. आठवडाभर राबलेला घोडा रविवारी ठाणबंद राही. काम बंद, पण दाणा मात्र रोजचा तेवढाच. सोमवारी सकाळी जुंपला की थोडे अंतर जाऊन तो थबके. मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होत, अंगाला घाम फुटे, लघवी काळपट होई, आणि मारूनझोडूनही पाऊल पुढे पडत नसे. स्नायूंचे तंतूच फुटू लागलेले असत. पाऊल पडणार कुठून? हे दुखणे आजही शर्यतीच्या तबेल्यांत आहे. म्हणून चांगला शिक्षक सुट्टीच्या दिवशीही घोड्याला हाती धरून फिरवतो आणि त्या दिवशी दाणा कमी करतो. आपल्या कोड्यात दाण्याचा उल्लेख तेवढा राहून गेला आहे.

मग रोज भरपूर फिरवला, पळवला, म्हणजे घोडा ठणठणीत राहील काय? तेही नाही. इथे घोड्याच्या घडणीची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

शर्यतीचा घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलो वजनाचा असतो. विसावलेला असताना त्याचे हृदय मिनिटाला तीसचाळीस ठोके देते. भरधाव पळताना तेच दोनशे वीसच्याही वर जाते. त्याच्या प्लीहेत तांबड्या रक्तपेशींचा राखीव साठा असतो, तो धावायला लागताच रक्तात ओतला जातो. तो तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, नाकानेच घेतो, आणि दौडीत एका झेपेला एक श्वास असा ताल धरतो. असे हे अजब इंजिन! पण ते ज्या चार काठ्यांवर उभे केले आहे, त्यांत गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. हाड, दोरखंडासारख्या कंडरा आणि वर कातडी, एवढाच ऐवज. भरधाव दौडीत असा एक क्षण येतो की सारे अंग एकाच पुढच्या पायावर असते, आणि त्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार पडतो. एका शर्यतीत असे क्षण शेकडो येतात. महालक्ष्मीला १९४३ पासून होत आलेली इंडियन डर्बी २४०० मीटरची, म्हणजे सुमारे अडीच मिनिटांची. त्या अडीच मिनिटांसाठी वर्षभर जी राखण करावयाची, ती मुख्यतः या चार काठ्यांची.

खरी अडचण पुढेच आहे. सरावाने छाती आणि दम काही आठवड्यांत तयार होतात. हाडांना महिने लागतात. हाडाची रीत आपल्या जुन्या कोकणी घरासारखी आहे. नवा भार पडू लागला की ते आधी आपला जुना भाग काढून टाकते आणि मग तिथे नवा, अधिक भक्कम भाग भरते. कौले उतरवून ठेवलेल्या घरावर वळवाचा पाऊस यावा, तसा त्या मधल्या काळात भरधाव दौडींचा मारा झाला, तर हाडात केसाएवढी चीर पडते. दोनतीन वर्षांच्या शिंगरांच्या नळ्या दुखू लागतात त्या यामुळेच. कंडरेचे तर विचारूच नका. ती एकदा ताणली, फाटली की सांधायला नऊ महिने, वर्ष, कधी त्याहूनही अधिक. आणि सांधली तरी पहिल्यासारखी होत नाही. म्हणजे घोड्याचा दम तयार, उमेद तयार, आणि पाय मात्र अजून कच्चे, असा एक काळ प्रत्येक हंगामात येतो. तो काळ ओळखणे हीच शिक्षकाची परीक्षा.

कारण घोडा स्वतः थांबत नाही. अमेरिकेत ‘रफियन’ नावाची एक घोडी होती. दहा शर्यती धावली, दहाही जिंकली. ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर अकरावीत, ऐन भरात, तिचा पुढचा पाय मोडला. स्वार तिला आवरू पाहत होता आणि ती मोडक्या पायावर पुढे धावतच होती. शस्त्रक्रिया झाली, पण भूल उतरताच तिने पुन्हा धावण्यासाठी पाय झाडले आणि बांधलेला पाय परत मोडून घेतला. शेवटी तिला मारावे लागले. घोड्याला पाय मोडल्यावर महिनाभर खाटेवर पडून राहा असे सांगता येत नाही. तीन पायांवर भार घेऊन उभा राहिला तर चांगल्या पायांचे खूर आतून सुजून निकामी होतात. म्हणून अशा वेळी पुष्कळदा एकच उपाय उरतो, आणि तो सांगताना अनुभवी पशुवैद्याचाही आवाज बदलतो.

तेव्हा सारी मदार रोजच्या पहाटेवर. चांगल्या तबेल्यात पहिली गोष्ट पाहतात ती गव्हाण. रात्रीचा दाणा चाटूनपुसून संपला असेल तर ठीक. उरला असेल तर काहीतरी बिनसले आहे, हे पहिले पत्र समजावे. मग मोतद्दार खाली बसतो आणि चारही पायांवरून वरून खाली हात फिरवतो. कुठे ऊन लागते का, कुठे बोटाएवढी सूज आहे का, दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो का? या हाताला हजारो पहाटेंची सवय असते. क्षकिरण आणि ध्वनिलहरींची यंत्रे आता आली आहेत, आणि ती फार उपयोगी आहेत. पण यंत्र कोणत्या घोड्याला लावायचे ते बहुधा हा हातच सांगतो. त्यानंतर कठीण जमिनीवर थोडी दुडकी चाल. पुढचा पाय दुखत असला तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. मग कुठे रपेट. तीही रोज भरधाव नव्हे. बहुतेक दिवस चाल आणि हलकी दौड, आठवड्यातून एकदोनदा वेगाचे काम. परत आल्यावर श्वास खाली बसेपर्यंत फिरवणे, पायांवर गार पाण्याची धार, खरारा. शर्यत झाली की पुढचे काही दिवस नुसते चालणे. नालबंद तीनचार आठवड्यांनी येतो, कारण खूर वाढतच असतो आणि वाढलेल्या खुराने पाऊल वाकडे पडते.

खाण्याचे शास्त्र आपल्या भाषेतच जपलेले आहे. आज रतीब उरला तो दुधाचा. पागेत रतीब जनावराचा असे, आणि दाण्याला चंदी म्हणत. घोडेवैद्य तो सालोत्री, थेट शालिहोत्र ऋषींच्या नावावरून. घोड्याचे पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचे. निसर्गतः तो दिवसातले बहुतेक तास थोडेथोडे चरत असतो. त्याला ओकता येत नाही. एकदम चंदी जास्त झाली तर पोटशूळ उठतो, आणि पोटशूळ त्याच्या जिवावरही बेतू शकतो. म्हणून दाणा थोडाथोडा, अनेकदा; गवत मात्र मुबलक.

हंगामभराचा हिशेब कसा राखावा याचा धडा आपल्याला साडेतीनशे वर्षांपूर्वी याच कोकणात मिळालेला आहे. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा : आता दाणा-गवत आहे म्हणून मन मानेल तसे उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. शर्यतीच्या हंगामालाही हे लागू आहे. नोव्हेंबरात सारे बळ उधळले, तर फेब्रुवारीतल्या डर्बीला घोडा कोरडा.

कोकणची हवाही ध्यानात घ्यावी लागते. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट, आणि उकाड्यात कष्ट पडले तर तासाला दहा-पंधरा लिटरही जातो. त्याबरोबर गेलेले मीठ परत द्यावे लागते. दमट हवेत काही घोड्यांचा घामच आटतो. अंग कोरडे, धाप मात्र थांबत नाही. असा घोडा उन्हात पळवणे म्हणजे बंबातले पाणी संपले असता खाली जाळ करत राहणे होय.

पण समुद्राचे देणेही आहे. इंग्लंडात ‘रेड रम’ नावाच्या घोड्याच्या खुरातील हाडाला जुनाट दुखणे होते. त्याच्या शिक्षकाने त्याला साउथपोर्टच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पळवले, लाटांत उभे केले, आणि त्या घोड्याने १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल जिंकली. भरतीने ओली होऊन दबलेली वाळू पायाला मऊ आणि तरी घट्ट लागते. सुकी वाळू मात्र पाय आत ओढते आणि कंडरा ताणते. आमच्या किनाऱ्यावर घोडागाडीवाले ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे जाताना ओल्या पट्ट्यातून गाडी हाकतात, ते उगाच नाही.

राहता राहिला सर्वांत कठीण भाग : ‘आज नाही’ म्हणणे. मालक आतुर, तारीख जाहीर झालेली, आणि पहाटे हाताला पाय किंचित ऊन लागतो. वेदना मारणारे औषध देऊन घोडा पळवता येतो, आणि म्हणूनच शर्यतीच्या नियमांत तो गुन्हा आहे व त्यासाठी तपासण्या होतात. वेदना ही पायाची राखणदार. तिला झोपवले की घरफोडी ठरलेली. हीच कसोटी आमच्या किनारपट्टीवरच्या बैलगाडीच्या शर्यतींनाही आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. अटी कागदावर आहेत. त्या पाळल्या जातात की नाही हे वाळूत गर्दी करून उभ्या असलेल्या माणसांच्या हाती आहे, कारण लंगडणाऱ्या जनावरासाठी आरडाओरडा करणारीही तीच आणि टाळ्या पिटणारीही तीच.

आता तुम्ही सुट्टीत मुलांना घेऊन इकडे याल, आणि घोडागाडीत बसण्याचा हट्ट होईलच. जरूर बसा, त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. फक्त बसण्याआधी मुलांना घोडा चालताना दाखवा. मान प्रत्येक पावलाला वरखाली होत असेल तर दुसरी गाडी पाहा, आणि का ते गाडीवाल्याला गोड शब्दांत सांगा. दुपारचे ऊन उतरू द्या. गाडीत माणसे मोजून बसा. आणि परत आल्यावर घोड्याला पाणी मिळेपर्यंत पुढची फेरी मागू नका.