मातीच्या पिशवीवर काय लिहिलेले नाही?



गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या कार्यक्रमांत, बहुतेक वेळा जेवणाच्या रांगेत, एकच प्रश्न आम्हाला तीन वेगवेगळ्या घरांतून आला. "मुलाने शॅमेलिऑन पाळलाय. त्याच्या जाळीच्या घरात खरी झाडं ठेवायची आहेत. कुंड्यांत माती कुठली घालू?" पहिल्या वेळी आम्हाला हसू आले. इथे इंग्लंडमध्ये येऊन आपली मुले काय काय पाळतील याचा नेम नाही! दुसऱ्या वेळी आम्ही गार्डन सेंटरमध्ये जाऊन पिशव्या वाचल्या, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत लक्षात आले की या साध्या प्रश्नामागे ब्रिटनमधला एक जुना, रेंगाळलेला राजकीय प्रश्न उभा आहे. म्हणून हा लेख.

आधी प्राण्याविषयी. आपल्याकडे कोकणात, देशावर झुडपांतून हळूहळू डुलत चालणारा घोयरा सरडा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. तो भारतीय शॅमेलिऑन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर मुलांना तो लांबूनच दाखवा. इथे घरोघरी दिसतात ते त्याचे चुलतभाऊ. एक येमेन आणि सौदी अरेबियाकडचा, डोक्यावर उंच तुरा असलेला 'व्हेल्ड', आणि दुसरा मादागास्करचा रंगीबेरंगी 'पँथर'. दुकानांतले बहुतेक प्राणी माणसाच्या देखरेखीखाली जन्मलेले असतात.

हा प्राणी वाटीतले पाणी सहसा पीत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो. म्हणजे झाड हेच त्याचे घर, त्याचा आडोसा आणि त्याचा पाण्याचा पेला. व्हेल्ड जातीचे शॅमेलिऑन तर पानेही खातात आणि कधीकधी चक्क माती तोंडात घेतात. शिवाय जीभ चिकट. किडा कुंडीत पडला आणि याने जीभ मारली, की किड्याबरोबर मातीचे कण, पांढरे दाणे, जे काही असेल ते पोटात जाते. म्हणून कुंडीतली माती हा इथे बागेचा विषय राहत नाही, खाण्याचा होतो.

आता राजकारणाकडे येऊ. ब्रिटनमध्ये दुकानात 'कॉम्पोस्ट' म्हणून जे विकतात ते आपण समजतो तसे कुजवलेले खत नव्हे. ते कुंडी भरण्याचे तयार मिश्रण. आपल्यापैकी अनेक जण पहिल्या वर्षी इथेच फसतात, कारण आपल्या डोक्यात तांबडी माती आणि शेणखत असते. गेली अनेक दशके या मिश्रणाचा मुख्य घटक होता पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेले, अर्धवट कुजलेले शेवाळ. हलके, पाणी धरणारे, एकसारखे आणि जवळजवळ निर्जंतुक. सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांचा जुना सल्लाही हाच असे, की खत न घातलेले साधे पीट आणा आणि निर्धास्त राहा.

पण पीटची किंमत पिशवीवर छापलेली नसते. त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मीटरभर थर काढला तर सुमारे हजार वर्षांचा ठेवा काढला असे समजा. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भाग या दलदलींनी व्यापला आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक कार्बन तिथे साठलेला आहे. दलदल खणली, सुकवली, की तो हवेत जातो. म्हणून २०११ साली सरकारने ठरवले की २०२० पर्यंत हौशी बागकाम करणाऱ्यांनी आणि २०३० पर्यंत व्यावसायिकांनी पीट सोडावे. कसे? तर स्वेच्छेने! २०२० उजाडले, पीट तसेच विकले जात होते. मग ऑगस्ट २०२२ मध्ये घोषणा झाली की इंग्लंडमध्ये हौशी बागवानांना पिशवीबंद पीट विकण्यावर २०२४ पर्यंत बंदी येईल. २०२४ च्या जुलैत सरकार बदलले, वर्ष संपले, कायदा मात्र झाला नाही. मुहूर्तावर मुहूर्त काढायचे आणि लग्न पुढे ढकलायचे, तशातला प्रकार.

गंमत अशी की कायदा झाला नाही तरी बाजार बदलला. बड्या दुकानसाखळ्यांनी बंदी येणार हे गृहीत धरून आपल्या पिशव्या आपणहून पीटमुक्त केल्या. दलदलींसाठी हे चांगलेच झाले, आम्ही त्याचे स्वागत करतो. पण त्यामुळे जुना सल्ला निकामी झाला, आणि नव्या पिशवीत काय आहे हे नीट सांगणारे लेबल काही आले नाही. आमच्या मते खरी अडचण इथे आहे. पीट गेले ही तक्रार नाही. त्याच्या जागी काय आले हे ग्राहकाला कळत नाही, ही तक्रार आहे.

काय आले? मुख्यतः चार गोष्टी: लाकडाचा धागा, झाडाची साल, नगरपालिकांनी गोळा केलेल्या बागकचऱ्याचे खत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट. पहिल्या दोन गोष्टी बहुधा निरुपद्रवी, पण सालीचे टोकदार तुकडे गिळले गेले तर पोटात अडकू शकतात. बागकचऱ्याचे खत बागेत उत्तम, पण लोकांच्या कचऱ्याच्या डब्यातून जे येते ते त्यात उतरते. काही वेळा तणनाशकाचा अंशही टिकून राहतो आणि टोमॅटो-वालाची पाने आकसतात, हे इथल्या बागवानांना ठाऊक आहे. आम्ही स्वतः गेल्या वर्षी 'नैसर्गिक' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेली एक पिशवी आणून घरच्या जुन्या पिठाच्या चाळणीने चाळली. चाळणीत उरले ते असे: प्लॅस्टिकचे सात-आठ तुकडे, काचेची एक कपची आणि साबुदाण्याएवढ्या पिवळट गोळ्या. गोळ्या म्हणजे हळूहळू विरघळणारे रासायनिक खत. दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, "हे झाडांसाठी आहे, प्राण्यांसाठी नाही." उत्तर खरे होते. पण मुलाच्या हट्टापायी आम्ही ती पिशवी न चाळता तशीच वापरली असती, तर त्या खऱ्या उत्तराचा उपयोग काय होता?

चौथी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. काथ्याचा भुसा बहुतांशी भारत आणि श्रीलंकेतून येतो. आपल्याकडे केरळ आणि तमिळनाडू हे त्याचे मोठे प्रांत. कोकणातही नारळाची सोडणे आणि काथ्या कुणाला नवा नाही. जो भुसा पूर्वी काथ्या काढल्यावर ढीग लावून टाकून दिला जाई, तो आज विटांच्या रूपात समुद्र ओलांडून लंडन-लेस्टरच्या कुंड्यांत येतो. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण डोळे झाकून नव्हे. सोडणे परंपरेने खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजत घालतात, आणि नारळाच्या सालीत मुळातही क्षार असतात. न धुतलेल्या भुशात मीठ राहते. ते धुवायला गोडे पाणी लागते, आणि ते पाणी तिकडच्या गावांचे असते. म्हणजे इथली दलदल वाचवताना तिकडच्या विहिरीवर भार टाकतो आहोत का, हा प्रश्न आपण, दोन्हीकडचे असलेल्यांनी, विचारायला हवा. धुतलेला आणि कॅल्शियमची प्रक्रिया केलेला भुसा थोडा महाग मिळतो. प्राण्याच्या कुंडीसाठी तोच घ्यावा.

मग प्रत्यक्षात करायचे काय? आमच्या घरात आणि ओळखीच्या घरांत जे चालले ते सांगतो.

पिशवी वाचताना आधी काय नको ते पाहा. 'सहा आठवडे अन्न पुरवते' असे लिहिले असेल तर आत खत आहे. पाणी धरणारे जेल, कीटकनाशक, ओलावा वाढवणारी रसायने असतील तर पिशवी परत ठेवा. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचे फुलवलेले पांढरे दाणे. पाणी घातले की ते वर तरंगतात आणि नेमके प्राण्याच्या नजरेत येतात. तेही टाळा. 'जॉन इनेस' हे नाव दिसेल. ती कंपनी नव्हे, १९३० च्या दशकात एका बागकाम संशोधन संस्थेने ठरवलेली कृती आहे. सात भाग पोयटा, तीन भाग पीट, दोन भाग वाळू, आणि वर खत. हल्ली काही ठिकाणी पीट न घालताही करतात. पोयटा चांगला, पण खत असतेच, आणि आकडा वाढला की खत वाढते. म्हणून शॅमेलिऑनसाठी तेही नको.

आमचे मिश्रण साधे आहे. दोन भाग धुतलेला काथ्याचा भुसा, एक भाग खत न घातलेली चाळलेली माती, एक भाग मुलांच्या खेळण्याची धुतलेली वाळू. भुशाची साधारण ६५० ग्रॅमची वीट भिजली की आठ-नऊ लिटर होते, म्हणजे दोन-तीन कुंड्यांना पुरते. भिजवून पिळा, पाणी टाका, पुन्हा भिजवा. घरी पाण्याच्या फिल्टरचा क्षारमापक असेल तर पिळलेले पाणी मोजा. नळाच्या पाण्याच्या आसपास आकडा आला की पुरे.

झाडे म्हणाल तर मनीप्लांट, वीपिंग फिग, छत्रीसारख्या पानांचे शेफ्लेरा, स्पायडर प्लांट आणि आपली जास्वंद. जास्वंदीची फुले-पाने व्हेल्ड आवडीने खातो! मनीप्लांटच्या पानांत तोंडाला चुरचुरणारे स्फटिक असतात. अनेक जण ते वापरतात, पण आपला प्राणी पाने ओरबाडत असेल तर दुसरे झाड ठेवा. दुकानातून आणलेले झाड लगेच आत ठेवू नका. कुंडीतली जुनी माती पूर्ण झटका, मुळे कोमट पाण्याखाली धुवा, नव्या मिश्रणात लावा, पाने दोन-तीनदा पुसा आणि काही आठवडे खिडकीत वेगळे ठेवा. फवारणीचे औषध आणि जुने खत यांचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

कुंडीचे तोंड मोकळे ठेवू नये. प्राण्याच्या डोक्यापेक्षा मोठे, गुळगुळीत गोटे वर पसरावेत. छोटे खडे मुळीच नकोत, ते गिळले जातात. किडे शक्यतो वाटीत घालावेत. नव्या मिश्रणात बारीक चिलटे होतात. त्यांच्यासाठी पिवळे चिकट कागद लावाल तर जाळीच्या बाहेर लावा, आत लावलात तर प्राणीच चिकटायचा.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट. कोंबडीप्रमाणे व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी घालते, आणि त्यासाठी तिला खणायला खोल, ओलसर जागा लागते. वाळू-मातीचे मिश्रण फूटभर खोल, आणि बोगदा ढासळणार नाही इतके ओले. ते नसेल तर अंडी अडकून मादी दगावू शकते. खाणे बंद, शौच बंद, पोट फुगलेले, डोळे मिटलेले असे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा, आणि जाताना मातीच्या पिशवीचा फोटो सोबत न्या.

आणि माणसांचे काय? २०१३ साली स्कॉटलंडमध्ये कुंडीच्या मिश्रणाशी संबंधित लीजनेला जंतूमुळे फुप्फुसाच्या आजाराचे रुग्ण आढळले होते. पिशवी उघडताना तोंड दूर ठेवा, धूळ उडू देऊ नका, मिश्रण आधी ओले करा. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून प्राणी किंवा माती हाताळल्यावर साबणाने हात धुणे हा नियम लहान-मोठ्या सर्वांना सारखा. पाच वर्षांखालील मुलांना आणि भेटीला आलेल्या आजी-आजोबांना त्यापासून दूरच ठेवलेले बरे.

शेवटी पुन्हा मूळ मुद्दा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याने पाळलेल्या प्राण्याच्या गरजा भागवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि ते योग्यच आहे. पण जबाबदारी पार पाडायला माहिती लागते. बिस्किटाच्या पुड्यावर चिमूटभर मिठाचाही हिशेब छापणाऱ्या या देशात चाळीस लिटरच्या मातीच्या पिशवीवर घटकांची टक्केवारी असू नये, हे पटत नाही. पीटबंदीचा कायदा जेव्हा येईल तेव्हा तो 'काय विकायचे नाही' एवढ्यावर थांबू नये. 'काय विकले' हेही सांगायला लावावे. आपल्या खासदाराला चार ओळींचे पत्र लिहायला दहा मिनिटे लागतात. मुलांनाच लिहायला सांगा, प्राणी त्यांचा आहे! तोवर आपली चाळणी आपल्या हाती.

कुणाच्या घरी याहून वेगळा अनुभव आला असेल तर जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू. चूकभूल द्यावी घ्यावी.